एकाच गिऱ्हाइकाचा प्रोसेसर : इटॅनियमच्या धंद्याचं प्रकरण

२०१२ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीच्या न्यायालयात एचपी विरुद्ध ओरॅकल या खटल्यातली काही कागदपत्रं खुली झाली. सर्व्हरच्या धंद्यात दबक्या आवाजात बोलली जाणारी गोष्ट त्यातून आकड्यांसकट बाहेर आली. इंटेलने इटॅनियम प्रोसेसर बनवत आणि सुधारत राहावा म्हणून एचपी इंटेलला पैसे देत होती. २००९ ते २०१४ साठी सुमारे ४४ कोटी डॉलर आणि तिथून २०१७ पर्यंत गाडा ओढण्यासाठी आणखी २५ कोटी.

ज्या मालाला बाजारात उठाव आहे तो बनवण्यासाठी कारखानदाराला कुणी वर्गणी देत नाही. १९९७ साली आयडीसी या बाजार-अभ्यास संस्थेने याच प्रोसेसरवरच्या सर्व्हरची विक्री २००१ पर्यंत वर्षाला ३८ अब्ज डॉलरवर जाईल असं भाकीत केलं होतं. तिथून इथपर्यंत घसरण कशी झाली हे पुष्कळांनी लिहिलं आहे, आणि बहुतेकांचं बोट कंपायलरकडे, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, जातं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. मला यातला व्यापारी प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: या प्रोसेसरला भवितव्य नाही हे हिशोबी माणसाला कोणत्या साली कळायला हवं होतं? माझं उत्तर २००४. त्यानंतर इटॅनियम हा बाजारातला माल उरला नाही, तो दोन कंपन्यांमधला करार झाला.

दोघांची गणितं

१९८० च्या दशकाअखेरीस एचपीकडे स्वतःचा पीए-रिस्क प्रोसेसर होता आणि तो चांगला चालत होता. अडचण पुढच्या पिढ्यांची होती. दर पिढीगणिक डिझाइनचा आणि चिप-कारखान्याचा खर्च वाढत होता आणि तो फक्त आपल्याच सर्व्हरच्या विक्रीतून काढायचा होता. १९८९ पासून एचपीच्या प्रयोगशाळेत एका वेगळ्या रचनेवर काम सुरू झालं: एका फटक्यात अनेक इन्स्ट्रक्शन (चिपला दिलेल्या एकेक सूचना) चालवायच्या, आणि कोणत्या सोबत चालतील हे चिपने नव्हे, कंपायलरने आधीच ठरवायचं. या विचाराचे दोन खंदे पुरस्कर्ते, जॉश फिशर आणि भारतात जन्मलेले बी. रामकृष्ण ऊर्फ बॉब राव, एचपीत आले ते आपापल्या कंपन्या बंद पडल्यावर. फिशर यांची मल्टिफ्लो, राव यांची सायड्रोम. दोघांच्याही विद्वत्तेबद्दल वाद नाही. संगणक-रचनेतला मानाचा एकर्ट-मॉकली पुरस्कार पुढे दोघांनाही मिळाला. पण या कल्पनेला बाजाराने त्याआधी दोनदा नाकारलं होतं, ही नोंद १९९४ साली इंटेलशी भागीदारी करतानाच्या फायलीत ठळक अक्षरांत हवी होती.

इंटेलचं गणित निराळं. एक्स८६, म्हणजे पीसीतल्या इंटेल चिपांची जुनी रचना, ही सोन्याची खाण होती, पण खाणीत वाटेकरी होते. त्याच रचनेच्या चिपा बनवणाऱ्या एएमडीशी परवान्यावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या होत्या. ३२ बिटांवरून, जास्त मेमरी हाताळणाऱ्या ६४ बिटांच्या चिपांकडे जाताना अगदी नवी रचना आणली, तिचे हक्क फक्त आपल्याकडे आणि एचपीकडे ठेवले, तर नक्कल करणारे आपोआप बाहेर पडतील. शिवाय मोठ्या सर्व्हरच्या बाजारात नफ्याचं प्रमाण जाडजूड, आणि तिथे तोवर इंटेलला फारसं कुणी विचारत नव्हतं. जून १९९४ मध्ये दोघांनी भागीदारी जाहीर केली.

दोन्ही गणितं कागदावर बरोबर होती. मात्र दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली होती: एक्स८६ स्वतः ६४ बिटांवर जाणार नाही, कारण ते नेणं इंटेलच्याच हातात आहे.

बंडलात काय होतं

तंत्राचा भाग थोडक्यात, कारण किमतीचा प्रश्न त्यातूनच येतो. इटॅनियमच्या इन्स्ट्रक्शन १२८ बिटांच्या बंडलातून येतात. प्रत्येक बंडलात ४१ बिटांच्या तीन इन्स्ट्रक्शन आणि ५ बिटांचं टेम्प्लेट. यातली कोणती चिपच्या कोणत्या भागाकडे जाईल आणि एकत्र चालणाऱ्यांची रांग कुठे थांबते, हे टेम्प्लेट सांगतं. दिमतीला १२८ साधे रजिस्टर (चिपमधले आकडे ठेवायचे कप्पे) आणि १२८ दशांश-गणिताचे. जोडीला मिळणाऱ्या तीन इन्स्ट्रक्शन कंपायलरला सापडल्या नाहीत तर रिकाम्या जागी काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन भरावी लागते. प्रोग्राम फुगतो, कॅश (चिपवरची छोटी, वेगवान मेमरी) जास्त लागते, चिप मोठी होते, महाग होते.

आता बँकेचा एक व्यवहार घ्या. ग्राहकाच्या खात्याची नोंद मेमरीतून आणायची आहे. ती कॅशमध्ये असली तर काही सायकलींत, म्हणजे चिपच्या घड्याळाच्या ठोक्यांत, हाती येते; नसली तर शे-दोनशे सायकली ताटकळावं लागतं. असेल की नसेल, हे सहा महिने आधी सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात बसलेल्या कंपायलरला कळणार कसं? इंटेलचा एक्स८६ सर्व्हर-प्रोसेसर झिऑन किंवा एएमडीचा ऑप्टेरॉन अशा वेळी चालता चालता क्रम बदलतो, ती नोंद येईपर्यंत पुढची जमण्यासारखी कामं उरकून घेतो. इटॅनियम लिहून दिलेल्या क्रमानेच चालायचा; त्या नोंदीची गरज असलेल्या ओळीपाशी आला की थांबायचा.

म्हणून तो मंद होता असं नाही. या प्रकरणात हीच गफलत वारंवार होते. जिथे आकडेमोड एकसुरी, आधी आखता येण्यासारखी, तिथे तो जोरकस होता. नासाचा कोलंबिया हा महासंगणक १०,२४० इटॅनियम-२ प्रोसेसरवर उभा होता आणि जगातल्या सर्वांत वेगवान महासंगणकांच्या नोव्हेंबर २००४ च्या टॉप-५०० यादीत दुसरा आला. डेटाबेसच्या व्यवहारांतसुद्धा, टीपीसी-सी या चाचणीत मिनिटाला दहा लाख व्यवहारांचा टप्पा ओलांडला तो २००३ साली इटॅनियम-२ भरलेल्या एचपीच्या सुपरडोम या मोठ्या सर्व्हरने. त्यावर डेटाबेस होता ओरॅकलचा. हे नाव लक्षात ठेवा.

म्हणजे मोठं यंत्र, भरपूर कॅश, एकाच कामासाठी महिनोन्‌महिने घासूनपुसून घेतलेलं सॉफ्टवेअर दिलं की इटॅनियम पळायचा. पण दुकानात जाऊन दोन प्रोसेसरचा सर्व्हर घेणाऱ्याला यातलं काही मिळत नव्हतं, आणि धंद्याचा आकार त्याच माणसाने ठरवला.

जन्माआधीचे बळी

पहिला इटॅनियम, सांकेतिक नाव मर्सेड, १९९८ ला यायचा होता. आला २००१ च्या मध्याला, ७३३ आणि ८०० मेगाहर्ट्झवर. जुने ३२ बिटांचे प्रोग्राम तो चालवायचा, पण इतके रेंगाळत की तो गुण जाहिरातीपुरताच राहिला. टवाळखोरांनी १९९९ सालीच, नाव जाहीर होताच, टायटॅनिकच्या चालीवर त्याचं ‘इटॅनिक’ करून टाकलं होतं.

तरीही मर्सेडने एक काम चोख केलं, आणि तेही बाजारात धड येण्याआधी. सर्व्हर बनवणाऱ्या एसजीआयने १९९८ मध्येच आपला एमआयपीएस प्रोसेसर सोडून इटॅनियमकडे जायचं ठरवलं. कॉम्पॅकने जून २००१ मध्ये आपल्या अल्फा प्रोसेसरचा विकास थांबवून ते तंत्रज्ञान इंटेलच्या हवाली केलं. अल्फा हा त्या काळातल्या सर्वांत वेगवान प्रोसेसरांपैकी एक, आणि ज्याच्यासाठी त्याचा बळी दिला त्या चिपचा खरा कस अजून कुणी पाहिलाही नव्हता. एचपीचा पीए-रिस्क तर करारातच मोडीत निघाला होता. स्वतःचे प्रोसेसर असलेले उरले सन आणि आयबीएम.

काही विश्लेषक यावरून इटॅनियमला इंटेलचं छुपं यश म्हणतात: प्रतिस्पर्धी धाकानेच गेले आणि ती जागा पुढे झिऑनला मिळाली. परिणाम म्हणून हे खरं आहे. डाव म्हणून मी ते मानणार नाही. इतकी वर्षं आणि इतका पैसा ओतून कुणी आपल्याच दुसऱ्या मालासाठी वाट साफ करत नसतो.

चौदा महिने

२२ एप्रिल २००३ रोजी एएमडीने ऑप्टेरॉन बाजारात आणला. त्याच्या ६४ बिटांच्या रचनेत बंडलं नव्हती, नवं तत्त्वज्ञान नव्हतं. जुन्या एक्स८६ लाच रुंद केलं होतं. जुने प्रोग्राम पूर्ण वेगाने चालत, ४ जीबी मेमरीची भिंत गेली, आणि नवीन ६४ बिटी प्रोग्राम सवडीने लिहिता येत. ग्राहकाला एका रात्रीत काहीच फेकायचं नव्हतं.

फेब्रुवारी २००४ मध्ये इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी जाहीर केलं की झिऑनमध्येही अशाच ६४ बिटी सुविधा येतील. जूनमध्ये तशा चिपा आल्या. त्याच फेब्रुवारीत एचपीने, म्हणजे इटॅनियमच्या सह-जनकाने, ऑप्टेरॉनचे प्रोलायंट सर्व्हर विकणार असल्याचं सांगितलं. ऑप्टेरॉनपासून ६४ बिटी झिऑनपर्यंतच्या या चौदा महिन्यांत निकाल लागला. इटॅनियमचा एकमेव सर्वसाधारण युक्तिवाद, ‘६४ बिट हवेत तर इकडे या’, इंटेलनेच मोडला. पुढे राहिला तो फक्त ‘मोठे, न थांबणारे सर्व्हर’ हा कोपरा.

डिसेंबर २००४ मध्ये एचपीने कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथला आपला इटॅनियम डिझाइनचा संघ इंटेलला देऊन टाकला आणि तीन वर्षांत इटॅनियमभोवती ३ अब्ज डॉलर गुंतवायची घोषणा केली. वर्तमानपत्रांत ही बांधिलकीची बातमी म्हणून आली. मला तीत उलटंच दिसतं. चिप कशी असावी हे ठरवणारे हात सोडून दिले, आणि चिप विकण्याची जबाबदारी मात्र वाढवून घेतली. पुढच्या वर्षी आयबीएम आणि डेल दोघांनी इटॅनियमचे सर्व्हर सोडले. उत्तरादाखल कंपन्यांची एक आघाडी उभी राहिली आणि जानेवारी २००६ मध्ये तिने दशकाअखेरपर्यंत १० अब्ज डॉलर गुंतवण्याचं सांगितलं. घोषणांचे आकडे विक्रीच्या आकड्यांपेक्षा वेगाने वाढत होते.

गार्टनरच्या मोजणीनुसार २००७ साली जगभरात इटॅनियमचे सर्व्हर विकले गेले सुमारे ५५ हजार. रिस्क प्रोसेसरचे (सन, आयबीएम वगैरेंचे) सर्व्हर ४ लाख १७ हजार. एक्स८६ सर्व्हर ८४ लाख. आणि त्या ५५ हजारांतला बहुतांश हिस्सा एकट्या एचपीचा.

पुढचं सगळं या तीन आकड्यांतूनच येतं. नव्या पिढीची चिप आखायला कोट्यवधी डॉलर लागतात, मग ती ५५ हजार यंत्रांत जावो की ८४ लाखांत. ज्या चिपचा खर्च वाटून घ्यायला गिऱ्हाईक कमी, तिच्याकडे चांगले इंजिनिअर आणि कारखान्याची नवी प्रक्रिया उशिरा जाते. उशिरा गेल्याने ती मागे पडते. मागे पडल्याने गिऱ्हाईक आणखी कमी. २००७ च्या आसपास यायचा टकविला हा नवा इटॅनियम फेब्रुवारी २०१० मध्ये आला: चार कोअर (एकाच चिपमधले स्वतंत्र प्रोसेसर), ६५ नॅनोमीटरची बांधणी (आकडा जितका लहान तितकी नवी). पुढच्याच महिन्यात इंटेलने झिऑन ७५०० आणला: आठ कोअर, ४५ नॅनोमीटर, आणि मेमरी किंवा प्रोसेसरमधला दोष पकडून यंत्र चालू ठेवण्याच्या ज्या सोयी आजवर इटॅनियमची मक्तेदारी होत्या, त्यांतल्या बऱ्याचशा त्यात. राखीव कोपराही गेला, आणि तो नेणारं घरचंच माणूस होतं.

एचपी का अडकली

मग एचपीने पाय का काढला नाही? कारण तिच्याकडे तीन ऑपरेटिंग सिस्टिम होत्या आणि तिन्ही इटॅनियमच्या दावणीला बांधलेल्या: स्वतःची एचपी-यूएक्स, आणि कॉम्पॅकसोबत २००२ मध्ये आलेल्या ओपनव्हीएमएस व नॉनस्टॉप. नॉनस्टॉप हे मूळ टँडेम कंपनीचं घराणं. मुंबई शेअर बाजाराची १९९५ ची बोल्ट ही संगणकी व्यवहारप्रणाली टँडेमच्याच यंत्रांवर उभी राहिली होती. बँका, दूरसंचार कंपन्या, रोखे बाजार अशी ही गिऱ्हाइकं. दहा-पंधरा वर्षं यंत्र बदलत नाहीत आणि सपोर्टच्या कराराचे पैसे दरवर्षी निमूटपणे भरतात. खरा नफा लोखंडात नव्हता, या करारांत होता.

आपल्याकडच्या डेटा सेंटरमध्ये ज्यांनी एचपी-यूएक्स सांभाळली आहे त्यांना हा स्वभाव ठाऊक असेल. रात्री दोनला फोन यायचा तो यंत्र पडलं म्हणून नव्हे, त्यावर चालणारं काहीतरी अडलं म्हणून. असं यंत्र कोण बदलायला जाईल? पण बदलायची वेळ आलीच, तर तो ग्राहक एचपी-यूएक्सच्या नव्या घराकडे बघण्याआधी एक्स८६ वर चालणाऱ्या लिनक्स या स्वस्त ऑपरेटिंग सिस्टिमचा भाव विचारतो. एचपी-यूएक्स एक्स८६ वर नेण्याचा विचार एचपीत झाला होता. नेली असती तर तिची किंमत थेट लिनक्सच्या शेजारी मांडली गेली असती. त्यापेक्षा इंटेलला वर्गणी देणं स्वस्त वाटलं.

त्या दिवसापुरता हा हिशोब खरा होता. मात्र त्यात एक कलम राहून गेलं. मोठ्या सर्व्हरवर चालायचं काय? बहुतेक ठिकाणी ओरॅकलचा डेटाबेस.

अर्ध्याचा एक

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि कालचा भागीदार एका दिवसात सर्व्हरमधला प्रतिस्पर्धी झाला. ऑगस्टमध्ये एचपीचे प्रमुख मार्क हर्ड यांना पद सोडावं लागलं; पुढच्याच महिन्यात ते ओरॅकलच्या अध्यक्षपदी. एचपीने दावा ठोकला आणि २० सप्टेंबरला तडजोड झाली. त्या तडजोडीत एक छोटा परिच्छेद होता: हर्ड यांच्या नेमणुकीआधी होती तशीच भागीदारी चालू राहील आणि ओरॅकल आपली उत्पादनं एचपीच्या यंत्रांवर देत राहील. सही करताना ओरॅकलला ते सौजन्याचं वाक्य वाटलं असावं. एचपीने त्याला विमा मानलं.

विमा वापरायची वेळ लगेच आली. ओरॅकलच्या डेटाबेसचं लायसन्स कोअर मोजून ठरतं आणि प्रत्येक प्रोसेसरला एक गुणक असतो. १ डिसेंबर २०१० पासून टकविलाचा गुणक ०.५ वरून १ झाला, झिऑनचा ०.५ च राहिला. ६४ कोअरच्या सुपरडोमचा हिशोब करू. एंटरप्राइझ आवृत्तीची छापील किंमत एका लायसन्सला ४७,५०० डॉलर. आधी ३२ लायसन्स, म्हणजे १५ लाख २० हजार डॉलर. नंतर ६४ लायसन्स, म्हणजे ३० लाख ४० हजार, आणि वर दरवर्षी २२ टक्के सपोर्ट. घासाघीस करून सवलत मिळते, पण ती दोन्हीकडे मिळते. ग्राहकाच्या खरेदी खात्यात बसलेल्या माणसाला बंडल, टेम्प्लेट, कंपायलर यातलं काही माहीत असायची गरज नव्हती. त्याच्यासमोर दोन कोटेशन होती.

लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅटने डिसेंबर २००९ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१० मध्ये पुढच्या आवृत्त्या इटॅनियमवर येणार नाहीत असं सांगून टाकलंच होतं. २२ मार्च २०११ ला ओरॅकलनेही तेच जाहीर केलं, आणि कारण दिलं की इंटेलचं लक्ष आता एक्स८६ वर आहे. दुसऱ्याच दिवशी इंटेलचे तेव्हाचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी पुढच्या दोन पिढ्या ठरल्याप्रमाणे येतील असा खुलासा केला. तो खरा होता. पण त्या पिढ्या कुणाच्या पैशांवर येणार होत्या, हे तेव्हा फक्त दोन कंपन्यांना माहीत होतं.

जून २०११ मध्ये एचपी न्यायालयात गेली. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यायाधीश जेम्स क्लाइनबर्ग यांनी तो परिच्छेद बंधनकारक करार आहे असा निकाल दिला: एचपी इटॅनियमचे सर्व्हर विकते तोवर ओरॅकलने सॉफ्टवेअर पुरवत राहायचं. जून २०१६ मध्ये ज्युरीने ३ अब्ज डॉलरची भरपाई ठरवली आणि २०२१ मध्ये वरच्या न्यायालयाने ती कायम केली.

कायद्याने एचपी पूर्ण जिंकली. धंदा मात्र मार्च २०११ लाच बसला होता. ओरॅकलला पुरवठा करायला न्यायालय भाग पाडू शकत होतं. ग्राहकाला नवं यंत्र घ्यायला कोण भाग पाडणार? तिमाहीमागून तिमाही या विभागाची विक्री दोन आकडी टक्क्यांनी घसरत गेली, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये एचपीने स्वतःच सुपरडोमच्या चौकटीत झिऑन बसवण्याची योजना जाहीर केली.

२००४ मध्ये दुसरा रस्ता होता का

होता, पण चकचकीत नव्हता. सनने सोलॅरिस एक्स८६ वर दिली होती आणि त्याने सन वाचली नाही. त्यामुळे एचपी-यूएक्स वेळेत हलवली असती तर सगळं सुरळीत झालं असतं असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. विक्री तरीही आटली असती. फरक पडला असता तो इतकाच: ६९ कोटींची वर्गणी वाचली असती, झिऑनच्या प्रत्येक नव्या पिढीचा फायदा फुकटात मिळाला असता, आणि ओरॅकलला इटॅनियमपुरता वेगळा गुणक लावून एचपीला चिमटीत धरता आलं नसतं. घसरणाऱ्या धंद्यात एवढं पुष्कळ असतं.

याचा पुरावा एचपीच्याच घरात आहे. नॉनस्टॉप एक्स८६ वर नेण्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं, २०१५ मध्ये ती यंत्रं आली आणि ते घराणं अजून विकलं जातं. ओपनव्हीएमएस एचपीने सोडून दिली. ती व्हीएमएस सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने घेतली आणि २०२२ मध्ये एक्स८६ वर आणून दाखवली. एचपी-यूएक्स हललीच नाही.

इटॅनियमची शेवटची पिढी, किटसन, मे २०१७ मध्ये आली. आधीच्या पिढीच्या, म्हणजे पॉलसनच्याच, ३२ नॅनोमीटरवर, घड्याळ किंचित वाढवून. करार पुरा करण्याइतकीच. जानेवारी २०१९ मध्ये इंटेलने बंद करण्याची नोटीस काढली, शेवटच्या ऑर्डरची मुदत ३० जानेवारी २०२०, शेवटचा माल २९ जुलै २०२१. लिनक्सच्या मुख्य कर्नलमधून (गाभ्यातून) ६.७ आवृत्तीत त्याचा कोड काढला गेला. एचपी-यूएक्सच्या सपोर्टची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली.